वॉशिंग्टनने मुक्त केले, पण कोणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्यावरचा लेख वाचला. त्याच्या १७९९ च्या मृत्युपत्रातल्या एका कलमाने माउंट व्हर्ननवरचे, म्हणजे त्याच्या व्हर्जिनियातल्या इस्टेटीवरचे, सर्व गुलाम मुक्त झाले, असे लेखकमहाशय लिहितात. आणि पुढच्याच परिच्छेदात उरलेल्यांना त्याच्या पत्नी मार्थाबाईंनी अडवून ठेवले, असेही लिहितात. सर्व मुक्त झाले तर उरलेले आले कुठून, हा प्रश्न आपल्या कचेरीत कोणालाच पडला नाही?

या गुलामांची यादी खुद्द वॉशिंग्टननेच जून १७९९ मध्ये करून ठेवली आहे. पाचही शेतांची, नावानिशी, कोणाची बायको कुठे आणि ती कोणाच्या मालकीची यासकट. एकूण माणसे ३१७. त्याच्या स्वतःच्या नावावर १२३. मार्थाच्या पहिल्या सासरच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या मिळकतीतली १५३, आणि बाकीची बहुतेक एका शेजारणीकडून भाड्याने घेतलेली. मृत्युपत्र लागू होते ते फक्त १२३ जणांना. त्यातही लगेच सुटला एकटा त्याचा खासगी नोकर विल्यम ली, वर्षाला ३० डॉलरच्या नेमणुकीसह. इतरांनी मार्थाच्या मृत्यूपर्यंत थांबायचे होते. आपल्या मरणावर ज्यांची सुटका अवलंबून आहे अशी शंभरावर माणसे घरात-शिवारात वावरताहेत, हे त्या बाईला किती दिवस सोसणार? १ जानेवारी १८०१ ला तिने त्यांना सोडून दिले. यात औदार्य किती आणि धास्ती किती, ते ज्याने त्याने ठरवावे.

आता ते १५३. मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. सगळी गोम इथे आहे, आणि लेखात तिचा उल्लेखही नाही. व्हर्जिनियाच्या १७०५ च्या कायद्याने गुलाम हे स्थावर ठरवले होते, म्हणजे वारसाहक्कात जमिनीच्या पंगतीला. घोडे, भांडी, रोकड हे जंगम. मृत्युपत्र नसेल तर विधवेला जमिनीचा आणि गुलामांचा तिसरा हिस्सा मिळे, तोही हयातीपुरता. बाकीचे थोरल्या मुलाकडे जात आणि गुलामांची जी किंमत ठरेल तिच्यातला वाटा त्याने भावंडांना रोखीत चुकता करायचा. जंगमातला तिसरा हिस्सा विधवेला कायमचा मिळे. दुसरे लग्न केले की तो नव्या नवऱ्याचा. १९५६ पूर्वीच्या हिंदू विधवेची मर्यादित मालकी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चटकन कळेल, फरक इतकाच की मार्थाला कायदेशीर गरजेची सबब सांगूनही गुलामांचा तो हयातीपुरता हिस्सा कायमचा विकता आला नसता. वहिवाटायचे, बस्स. मुक्त करणे म्हणजे नातवंडांच्या मिळकतीवर हात टाकणे.

१७५९ मध्ये वॉशिंग्टनशी लग्न झाले तेव्हा तिच्या हिश्शात ऐंशीच्या वर माणसे होती. चाळीस वर्षांत त्यांची १५३ झाली ती जन्माने. १६६२ च्या कायद्याप्रमाणे मूल आईच्या दर्जाचे, म्हणून मालकीही आईवरून चाले. स्वयंपाकी हर्क्युलिस वॉशिंग्टनचा, बायको ॲलिस कस्टिसकडची. मुले कस्टिसच्या खात्यात. अशी सरमिसळ झालेली जोडपी शेताशेतावर होती. त्यामुळे मृत्युपत्र अमलात येताच नवरा मोकळा आणि बायको-मुले वाटणीत, हे ठरलेलेच होते. वॉशिंग्टनने ही अडचण मृत्युपत्रातच नोंदवली आहे. आपल्या लेखकाने ते कलम अर्ध्यावर सोडलेले दिसते.

कस्टिसकडची ही मालकी किती पक्की होती ते पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियात, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत दिसते. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे परराज्यातल्या मालकाचा गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला तर सुटका मागू शके. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या सभासदांना सवलत होती, अध्यक्षाला नव्हती. म्हणून अध्यक्षमहाशय सहा महिने भरायच्या आत माणसांना राज्याबाहेर फिरवून आणत. १७९१ मध्ये आपल्या चिटणिसाला त्याने कारणही कळवले: कस्टिसकडचे सुटले तर भरपाई कदाचित आपल्याच गळ्यात पडेल. १७९६ मध्ये मार्थाची दासी ओना जज, कस्टिसकडचीच, तिथूनच निसटली, न्यू हॅम्पशायरला गेली, लग्न केले, लेकरे झाली. कायद्याच्या हिशेबात तीही लेकरे कस्टिस वारसांचीच.

तेव्हा मार्थाने अडवले हे साफ चूक. तिला धारेवर धरायचेच असेल तर एलिशासाठी धरा. हा एकच माणूस सर्वस्वी तिच्या मालकीचा होता, आणि त्याला तिने मृत्युपत्राने नातवाला देऊन टाकले. मे १८०२ मध्ये ती वारली. मुलगा जॉन १७८१ मध्येच गेलेला, म्हणून हिस्सा चार नातवंडांत गेला. अशा वाटण्यांत गट किमतीने जुळवत. धडधाकट तरुणापुढे मोठा आकडा, थकलेल्या म्हाताऱ्यापुढे शून्य. बेरीज जुळेना की एखादे पोर या गटातून त्या गटात. कोणाचे लग्न कोणाशी झाले आहे याला त्या कागदावर रकाना नसे.

त्याच नातवाने, जॉर्ज वॉशिंग्टन पार्क कस्टिसने, १८५७ मध्ये मरताना आपल्या गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे असे लिहिले आणि त्याच मृत्युपत्रात चार नातींना प्रत्येकी १०,००० डॉलरही ठेवले. वर इस्टेटीवर कर्ज. अंमलबजावणी जावयाकडे, म्हणजे पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेल्या रॉबर्ट ई. लीकडे. त्याने माणसे राबवली, काहींना भाड्याने दिले, आणि मुक्तिपत्रावर सही केली २९ डिसेंबर १८६२ ला, मुदत उलटून गेल्यावर. आपल्या पुरवणीत मात्र सगळे १७९९ मध्येच आटोपले.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत कापूस वेचणाऱ्या बायकांचे छायाचित्र कशासाठी? माउंट व्हर्ननवर आधी तंबाखू होता आणि १७६० च्या दशकात वॉशिंग्टन गव्हाकडे वळला. शिवाय १७९९ मध्ये कॅमेरा नव्हता. चित्र न मिळाल्यास जागा कोरी सोडली तरी वाचक तक्रार करणार नाहीत. आणि खुलासा छापणार असाल तर तो पुरवणीतच छापा, आतल्या पानावर छोट्या जाहिरातींखाली नको.

कळावे,
आपला,
एक वाचक (निवृत्त दिवाणी वकील), सातारा