तब्येत छान दिसते म्हणून आजार खोटा?

संपादक महोदय,

मला आमवात आहे, डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थरायटिस म्हणतात तो, आणि हे सांगितलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, "अगं पण तू तर छान दिसतेस!" हा म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार नव्हे, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते, तिशीतही होतो आणि बायकांना जास्त होतो. सकाळी तास-दीड तास बोटं वळत नाहीत, दुधाची पिशवी फोडायला कात्री धरता येत नाही, त्यात आपली नाशिकची जानेवारीतली थंडी. मग हात जरा मोकळे झाले की मी पंचवटीतून बस पकडून ऑफिसला जाते आणि लोकांना फक्त तेवढंच दिसतं, राखीव सीटवर बसले तर "धडधाकट आहेस, ऊठ की" असं ऐकवतात.

सगळ्यात राग येतो तो "त्या गोळ्या गरम पडतात, बंद कर" या सल्ल्याचा. अहो, औषध लवकर सुरू करून नियमित घेतलं तरच सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिससारखे चटकन न दिसणारे आजारही आहेत. मग बसमधल्या राखीव सीटवर फक्त कुबडीचं चित्र का? खाली "वरून न दिसणारा आजारही असू शकतो" एवढी एक ओळ मराठीत लिहा, ही विनंती.

- एक वाचक, पंचवटी, नाशिक