परजीवींची संख्या आणि आजाराची तीव्रता

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

त्वचेच्या परजीवी रोगांवरील आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लक्षणे आणि घ्यायची काळजी त्यात नीट सांगितली आहे. परंतु ‘प्रतिकारशक्ती जितकी जास्त, तितका आजार सौम्य’ हे विधान याच रोगांच्या बाबतीत फसवे आहे.

नेहमीच्या खरजेत रुग्णाच्या साऱ्या अंगावर मिळून जेमतेम दहा-पंधरा किडे असतात, तरी रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. कारण ती खाज मुख्यतः किडे, त्यांची अंडी आणि विष्ठा यांना शरीर जो प्रतिसाद देते त्याची असते. पहिल्या लागणीनंतर ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पुन्हा लागण झाली, तर शरीराला किड्याची ओळख पटलेली असल्याने एक-दोन दिवसही पुरतात. याउलट प्रतिकारक्षमता ढासळलेल्या रुग्णांत जाड खपल्यांची खरूज होते. तिथे किडे हजारोंनी, कधी लाखोंनी असतात आणि खाज मात्र कित्येकदा नावापुरतीच. विशेष म्हणजे या रुग्णांच्या रक्तात ॲलर्जीशी निगडित ‘आयजीई’ प्रतिपिंडे बहुधा भरमसाट आढळतात; प्रतिसाद असतो, पण किड्यांना आवरणारा नसतो.

वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या लिश्मानिया या एकपेशीय परजीवीचे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. ज्या भक्षक पेशी त्याला गिळतात, त्यांच्यातच तो बिऱ्हाड थाटतो. टी पेशी या प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन गॅमा या संदेशवाहक प्रथिनाने चेतवल्यावरच त्या पेशी त्याला मारू शकतात. हा प्रतिसाद उमटलाच नाही, तर परजीवींनी खच्चून भरलेल्या गाठी अंगभर पसरतात. मात्र ‘लिश्मानिया ब्राझिलिएन्सिस’मुळे नाक-घशाला होणाऱ्या प्रकारात सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधूनही क्वचितच सापडतात, टी पेशींचा प्रतिसाद जोरकस असतो, आणि नाकाचा पडदा झडतो तो मुख्यतः त्या दाहामुळे. ‘सीडी८’ या मारक टी पेशी बाधित पेशी फोडतात खऱ्या, पण आतला परजीवी त्याने मरतोच असे नाही. दाह तेवढा वाढतो. म्हणूनच या प्रकारात अँटिमनीच्या इंजेक्शनांबरोबर टीएनएफ हे दाह भडकवणारे प्रथिन कमी करणारे पेंटॉक्सिफायलिन हे औषध दिले जाते, म्हणजे परजीवी मारतानाच प्रतिसादाला लगामही घातला जातो. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्या-गोळ्यांच्या जाहिरातदारांना हे कोण सांगणार, हा प्रश्न वेगळा.

हा तपशील केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. किडे मेल्यानंतरही खरजेची खाज दोन ते चार आठवडे टिकू शकते. औषध लागू पडले नाही असे समजून अनेक जण तेच मलम पुन:पुन्हा चोपडतात आणि कातडी सोलवटून घेतात. याहून घातक म्हणजे सल्ल्याविना लावलेले स्टेरॉइडचे मलम: त्याने खाज दबते, पुरळाचे रूप पालटते, निदान हुकते, आणि किडे घरातल्या इतरांपर्यंत पोहोचत राहतात. पुरवणीच्या पुढील अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक