सोळा वर्षांची ओशिची आणि 'अग्निअश्वा'चे साल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जपानमधील घटत्या जन्मदराविषयी आलेला लेख वाचला. २०२६ हे जपानी कालगणनेप्रमाणे 'हिनोए उमा', म्हणजे दर साठ वर्षांनी येणारे अग्निअश्वाचे वर्ष असून त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या जिवावर उठते, अशी समजूत तेथे शतकानुशतके चालत आली आहे, हे लेखकाने चांगले सांगितले आहे. मात्र या समजुतीचे मूळ इहारा सैकाकू याच्या सतराव्या शतकातील कादंबरीत आहे, असेही त्यांनी जाता जाता एका वाक्यात सांगून टाकले आहे. बाकीचा लेख मेहनतीने लिहिलेला आहे. हे एक वाक्य मात्र सैकाकूवर अन्याय करणारे आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

सैकाकू (१६४२–१६९३) हा ओसाकाचा. १६८४ साली सुमियोशीच्या देवस्थानात एका दिवसरात्रीत साडेतेवीस हजार कडवी रचणारा हा कवी गद्यही लिहीत होता आणि त्यात त्याने सरदारदरकदारांऐवजी दुकानदार, पिंप बनवणारे, पंचांग छापणारे अशा शहरी माणसांना कथेत आणले. १६८६ साली आलेल्या 'कोशोकु गोनिन ओन्ना' या पुस्तकात प्रेमापायी सर्वस्व पणाला लावणाऱ्या पाच स्त्रियांच्या कथा आहेत. त्यांतील चौथी ओशिची ही एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, एका भाजीवाल्याची मुलगी. मोठ्या आगीत घर सापडल्यावर ती आईबरोबर देवळाच्या आश्रयाला जाते आणि तेथील किचिसाबुरो या तरुणावर तिचे मन बसते. पुढे घरी परतल्यावर, पुन्हा आग लागली तर पुन्हा देवळात जायला मिळेल, या वेड्या आशेने ती स्वतःच आग लावते आणि पकडली जाते. जाळपोळीला त्या राज्यात जिवंत जाळण्याची शिक्षा होती.

या कथेतील आग लावण्याचा प्रसंग सैकाकूने मोजक्या ओळींत उरकला आहे. तो रेंगाळतो तो एका कुसळापाशी. किचिसाबुरोच्या बोटात कुसळ गेलेले असते. ओशिचीची आई चिमटा घेऊन ते काढू पाहते, पण म्हातारपणामुळे तिला नीट दिसत नाही, म्हणून ती लेकीला हाक मारते. ओशिची कुसळ काढते, तो तिचा हात घट्ट दाबतो, आणि आई समोर असल्यामुळे दोघांनाही बाजूला व्हावे लागते. जाताना ओशिची चिमटा मुद्दाम आपल्याजवळ ठेवून घेते आणि तो परत करण्याच्या निमित्ताने मागे फिरून त्याचा हात दाबून येते. शिक्षेच्या दिवशी तिच्या हातात उशिरा फुललेल्या चेरीची डहाळी दिली जाते आणि ती शांतपणे एक कविता रचते, असेही तो लिहितो. ज्या लेखकाला ही मुलगी कुलक्षणी वाटत असेल, तो तिच्याकडे इतक्या मायेने पाहणार नाही.

ओशिची अग्निअश्वाच्या सालात जन्मली होती असे मानतात, म्हणून आता वयाचा मुद्दा. सैकाकूची ओशिची सोळा वर्षांची आहे. अग्निअश्वाचे साल होते १६६६, आणि जिच्यात तिचे घर गेले असे मानतात ती आग लागली ती जपानी पंचांगाच्या १६८२ सालच्या अखेरीस. (या आगीला आज 'ओशिचीची आग' म्हणतात, पण ती तिने लावलेली नव्हती.) जन्मतःच एक वर्ष धरण्याची तेथील जुनी रीत लक्षात घेतली, तर १६६६ सालची मुलगी त्या वेळी सतरा वर्षांची भरते, सोळा नव्हे. सैकाकूने तिच्या जन्मसालाचा कोठे उल्लेखही केलेला नाही. या सालाला आगीचे भय जोडलेले होतेच. ओशिचीला त्या सालात बसवण्याचे काम अठराव्या शतकातील बाहुलीनाट्यांनी केले, आणि एकदा ती बसल्यावर तिची करुण कथा पुरावा म्हणून सांगितली जाऊ लागली. कादंबरी तीच, पण पुढच्या पिढ्यांनी तिच्यातली प्रेमवेडी पोर बाजूला सारली आणि जाळपोळ तेवढी उचलली.

या समजुतीचा पुढचा प्रवास अधिक विचार करायला लावणारा आहे. १९०६ साली पुन्हा अग्निअश्वाचे वर्ष आले तेव्हा जपानमधील जन्म सुमारे चार टक्क्यांनीच घटले, आणि त्यातही अनेक आईबापांनी मुलींची जन्मनोंद मागच्या किंवा पुढच्या वर्षात दाखवली होती. साठ वर्षांनी, टोकियोचे ऑलिंपिक आणि शिनकान्सेन ही अतिवेगवान गाडी होऊन दोन वर्षे झालेली असताना, १९६६ साली जन्म थेट पंचवीस टक्क्यांनी खाली आले. १९६५ साली १८,२३,६९७ मुले जन्मली, १९६६ साली १३,६०,९७४ आणि लगेच १९६७ साली १९,३५,६४७. शिक्षण वाढले की अंधश्रद्धा ओसरते, हे आपण गृहीत धरतो; येथे उलटे झाले, कारण आजीच्या काळी भीती होती पण उपाय नव्हता, तर नातीच्या काळी संततिनियमनाची साधने हाताशी होती आणि १९४८ पासून गर्भपातही कायदेशीर झाला होता. स्वतःचा विश्वास नसलेल्या जोडप्यांनीही 'उद्या मुलीच्या लग्नात अडचण नको' एवढ्याच विचाराने वर्ष टाळले असेल, असे मला वाटते.

त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे, हा प्रश्नच आहे. मूळ नक्षत्राची मुलगी सासऱ्याला, आश्लेषेची सासूला आणि ज्येष्ठेची थोरल्या दिराला वाईट, ही यादी आमच्या घरी पाढ्यांसारखी पाठ होती. माझ्या आत्याला दोन जन्मतारखा होत्या. एक शाळेच्या दाखल्यावरची आणि दुसरी पत्रिकेतली, आजोबांनी जोशीबुवांकडून मूळ नक्षत्र चुकवून करून घेतलेली. लग्न त्या दुसऱ्या तारखेवर झाले. आत्याचे सासरे नव्वदी ओलांडून गेले, पण आत्याने खरी तारीख सासरी शेवटपर्यंत सांगितली नाही.

२०२६ साली जपानमध्ये काय होईल, याविषयी लेखकाने वर्तवलेली मोठ्या घसरणीची भीती मला अतिशयोक्त वाटते. २०२४ सालीच तेथील जन्म ६,८६,०६१ वर आले होते आणि दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण १.१५ इतके उतरले होते. मुळात लग्ने उशिरा होतात किंवा होतच नाहीत, तेथे मुहूर्त चुकवायला मूल हवे असणारी जोडपीच थोडी आहेत. त्या वर्षी जन्म कमी झाले, तर त्याचे खापर घोड्यावर फोडण्याआधी आधीच्या दहा वर्षांचा उतार आलेखात दाखवावा, एवढी विनंती आहे.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबतच्या चित्रात ओशिची अग्निसूचनेच्या मनोऱ्यावर चढलेली दाखवली असून खाली सैकाकूचे नाव छापले आहे. तो मनोरा सैकाकूच्या कथेत नाही. १७७३ सालच्या एका बाहुलीनाट्यात ओशिची आग न लावता नुसताच आगीचा खोटा इशारा देते, म्हणजे रात्री बंद असलेल्या वेशी उघडतील आणि तिला प्रियकरापर्यंत पोहोचता येईल. हे चित्र त्या नाटकातले आहे. पुढील पुरवणीत तेवढी नोंद करावी.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली