आमच्या गल्लीतल्या अक्कांना, त्या एका 'बी'बद्दल

अक्का, नमस्कार.

मोबाईलवरचं बारीक अक्षर तुम्हाला दिसत नाही हे माहितीये मला, सून वाचून दाखवेल, आणि ती मधेच हसायला लागली तर तिला म्हणा आधी पूर्ण वाच मग हस. तोंडावर थँक्यू म्हणायला आले की तुम्ही "बस, चहा टाकते" म्हणून आत जाता, त्यामुळं इथं सगळ्यांसमोर लिहितीये, आता कुठं जाल.

मागच्या अक्षय तृतीयेला जाऊबाईंनी पुण्यात वाकडला फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे हुतात्मा एक्स्प्रेसनं गेलतो. सोलापुरात प्रत्येक घरातलं कोण ना कोण पुण्यात असतंच, त्यात नवीन काय, पण तिथनं आल्यापासनं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं. मॉड्युलर किचन, लिफ्ट, गॅलरीतनं दिसणारा डोंगर, रात्री डोळे मिटले की तेच. ह्यांचा पगार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातला, त्यात कुठलं लोन बसतंय, पण हिशोब कळत असला तरी मन ऐकत नव्हतं. शेवटी नवस बोलले. अकरा गुरुवार अक्कलकोट. 1878 ला समाधी घेतलेल्या स्वामींना वाकडचा रेट काय माहीत असणार, असा विचार तेव्हा डोक्यात आला नाही, आता येतो आणि हसू येतं.

चौथ्या गुरुवारी एसटी चुकली. स्टँडवरनं परत आले आणि तुमच्याकडं कडक भाकरी घ्यायच्या निमित्तानं बसले, आणि भाकरी राहिली बाजूला, रडत बसले. तुम्ही शेंगाचटणी कुटत होता. कुटणं थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "काय बोललीस स्वामींना? शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं, "स्वामी, पुण्यात आमचंबी घर होऊ दे."

तुम्ही म्हणालात, "त्यातला 'बी' कुणाचा गं?"

अक्का, ह्या प्रश्नाला मला पंधरा दिवस उत्तर आलं नाही. म्हणजे त्याच मिनिटाला आलतं, पण मान्य करायला पंधरा दिवस लागले. देवापुढं हात जोडताना मी घर मागत नव्हते, बरोबरी मागत होते, आणि ती एका अक्षरात लपवली होती. कुणाला वाटेल एवढ्याशा अक्षरात काय असतं. देवाला सांगितलेली वाक्यं एकदा जशीच्या तशी कागदावर लिहून बघा म्हणावं, मला तरी घाम फुटला.

दुसरी कुणी असती तर म्हणली असती, सोड, हाव बरी नाही, समाधान मान. हे सांगणारे लई भेटले मला, आणि बहुतेकांच्या दारात स्वतःची गाडी उभी होती. तुम्ही तसं काही बोलला नाही. तुम्ही म्हणालात इच्छा आली की तिच्याशी भांडू नको, दारात आलेल्या माणसाला विचारतो तसं विचार, कुणाकडनं आलीस. आणि कॅलेंडरवर दुधाचा हिशोब लिहितेस ना, तिथंच टिंब दे, आणि त्याच्या जरा आधी काय झालं ते एका शब्दात लिही.

दिले टिंब. सासूबाईंना वाटलं दूधवाल्याचा खाडा मांडतीये.

महिन्यानं घेऊन आले तुमच्याकडं. निम्म्याच्या वर टिंबांशेजारी 'ग्रुप' लिहिलेलं, म्हणजे फॅमिलीच्या व्हॉट्सअपवर जाऊबाईंचा कुठलातर फोटो. ते अपेक्षितच होतं, त्यात लाज वाटण्यापलीकडं काही नव्हतं. पण सहा टिंबं वेगळी होती आणि ती तुम्ही बोट ठेवून दाखवली, मला दिसलीच नव्हती. एकाशेजारी 'भाजी', एकाशेजारी 'माहेर', एकाशेजारी नुसतं 'चप्पल'. चप्पल म्हणजे काय विचारलं तुम्ही, तेव्हा आठवलं, त्या दिवशी मी चप्पल घालत होते आणि घरातनं तिघांनी तीनदा विचारलं कुठं चाललीस, कशाला, कधी येणार, कुणाबरोबर. मी चप्पल काढून ठेवली आणि कॅलेंडरपाशी जाऊन टिंब दिलं.

मग मला वाकडचं एक खरं दृश्य आठवलं जे किचनच्या मागं दडून बसलेलं. जाऊबाई संध्याकाळी स्कूटीची किल्ली घेऊन "आलेच" म्हणल्या आणि गेल्या, कुणीच काही विचारलं नाही. मला ते हवं होतं. इच्छा खोटी नव्हती अक्का, तिच्यावरचा पत्ता चुकीचा पडला होता, आणि त्या पत्त्याची किंमत वीस वर्षांचा हप्ता होती.

तुम्ही रोज पहाटे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन बघत बसता, तेव्हा काय मागता म्हणून एकदा विचारलं होतं मी. "मागत न्हाई यव्वा, बघती." माझ्याच्यानं ते होत नाही, मी मागणारीच बाई आहे. पण आता मागून झालं की जरा थांबते, आपण आत्ता काय बोललो ते ऐकते. तेवढं तुमच्यामुळं.

आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, काय झालं ते तुम्हाला सांगितलंच नाही. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभी होते, सातही नंदीध्वज, त्या मानाच्या उंच काठ्या, आलेले, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, हर्र बोला हर्रचा आवाज, हातात अक्षता. लहानपणापासनं टाकत आले ह्या अक्षता. कुंभारकन्येला सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं होतं, ते योगी, तर त्यांनी आपल्या योगदंडाशी तिला लग्न करायची परवानगी दिली, ही गोष्ट सोलापुरातल्या पोरासोरांनाही पाठ. पण ह्या वर्षी पहिल्यांदा वाटलं, बाराव्या शतकातल्या त्या पोरीची इच्छा त्यांनी मोडली नाही, जशीच्या तशी पुरवलीही नाही, तिला दुसरी वाट करून दिली. तुम्ही कॅलेंडरवर बोट ठेवून केलं ते हेच ना? दुसऱ्या दिवशीच्या होमाचं, तिच्या प्रतीकाला अग्नी देतात त्याचं मात्र मला अजून झेपत नाही. तुम्हाला एकदा विचारायचंय, निवांत.

नवसाचं काय केलं ते गल्लीत सगळ्यांनी विचारलं म्हणून इथंच सांगते. अकरा गुरुवार पूर्ण केले. तुम्ही म्हणाला होता नवस मोडायचा नाही, दुरुस्त करायचा, तर नंतरच्या राहिलेल्या गुरुवारी अक्कलकोटला स्वामींच्या वटवृक्षापाशी उभी राहून 'बी' काढून बोलले, आणि घर काढून 'मला एकटीला जाता येऊ दे' एवढंच. मोठ्यानं बोलताना घशात अडकलं नाही, आधी दरवेळी अडकायचं.

होळीच्या आधी सेकंडहँड स्कूटी घेतली. शिकले होम मैदानावर, दोनदा पडले, एकदा तुमच्या नातवाच्या अंगावर घालणार होते, त्याची माफी. घरात कुरकुर झाली, अजून होते, कुठं चाललीस अजून विचारतात, मी "तळ्याकडं" म्हणते आणि किल्ली घेते. सकाळी सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी पाच मिनिटं नुसती उभी राहते. फ्लॅट नाही झाला. व्हायची चिन्हंही नाहीत. मागच्या आठवड्यात जाऊबाईंनी नव्या सोफ्याचा फोटो टाकला, तर टिंब द्यावं लागलं की हो.

त्याच जाऊबाईंनी तुमच्या पन्नास कडक भाकरी आणि किलोभर शेंगाचटणी मागवलीये, तिकडं तशी मिळत नाही म्हणतात. मी गुरुवारी स्कूटीवर येते न्यायला. चटणी जरा तिखट करा. आणि अक्का, ह्या वेळी पैसे घ्या.

तुमची,
समोरच्या घरातली