लोकसभा अध्यक्षांना नागपूरहून खुले पत्र : बुडालेल्या प्रश्नोत्तराच्या तासाचा हिशेब

माननीय अध्यक्ष महोदय,
सविनय नमस्कार.

२१ ऑगस्ट २०२५ ला संसदेच्या पावसाळी अधिवेशनाचं सूप वाजलं. समारोपात आपणच हिशेब मांडलात. चर्चेसाठी १२० तास ठरले होते, काम झालं ३७ तास. ४१९ तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांचं उत्तर मंत्र्याने सभागृहात तोंडी द्यायचं असे, यादीत होते; तोंडी उत्तरं मिळाली फक्त ५५ प्रश्नांना. आपण खंत व्यक्त केलीत आणि सभागृह उठलं. खासदारांच्या कार्यालयांना प्रश्नांचे मसुदे करून देणाऱ्या आमच्यासारख्यांना त्या खंतीचं काय करायचं ते कळत नाही. राहिलेले ३६४ प्रश्न कुणाचे तरी होते.

२०२४ मध्ये २८० खासदार पहिल्यांदा लोकसभेत आले. अशा खासदाराकडे मंत्रिपद नाही, समितीचं अध्यक्षपद नाही, बोलायची वेळ पक्षाच्या वाट्यातून मिळते आणि त्या यादीत त्याचं नाव तळाला. विधेयकावर संध्याकाळी उशिरा तीन-चार मिनिटं मिळाली तर मिळाली. मतदान व्हिपप्रमाणे, म्हणजे पक्षाच्या आदेशाप्रमाणे, नाहीतर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने खासदारकी जाते. पक्षाला न विचारता वापरता येईल असं त्याच्या हातात एकच हत्यार उरतं : प्रश्न.

तो प्रश्न सभागृहापर्यंत कसा पोचतो, ते आपल्याला माहीत आहे. तरी लिहितो, कारण त्याला मत देणाऱ्यांना ते माहीत नाही. किमान १५ पूर्ण दिवस आधी नोटीस लागते. एका सदस्याला एका दिवसासाठी पाच नोटिसा देता येतात आणि त्यातला एकच प्रश्न तारांकित होऊ शकतो. मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा. त्यात तर्क नको, आरोप नको, मत नको. मग सोडत. दिवसाला २० तारांकित प्रश्न निघतात, पण अकरा ते बारा या तासात पाच-सहाच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. आपला प्रश्न सोडतीत नवव्या क्रमांकावर गेला, तर सभागृह शांतपणे चाललं तरी तो बुडाला.

नवीन खासदाराचं कार्यालय पहिली चूक करतं ती मजकुरात. ‘इतवारी-नागभीड ब्रॉडगेजचं काम कधी पूर्ण होणार?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं : काम प्रगतिपथावर आहे, भूसंपादन व वन मंजुरीवर अवलंबून आहे. म्हणून प्रश्न तोडावा लागतो. १०६ किलोमीटरपैकी इतवारी-उमरेड आणि उमरेड-नागभीड या टप्प्यांत रूळ किती टाकले, वेगवेगळं सांगा. वाघांच्या भ्रमणमार्गातल्या भागासाठी वन्यजीव मंजुरीच्या कोणत्या अटी पूर्ण झाल्या? वर्षवार खर्च किती? नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद केली. तेव्हापासून भिवापूर-उमरेडच्या माणसाला रोज नागपूर गाठायला एसटी आणि काळीपिवळी, म्हणून हे आकडे हवेत.

आणि खरी किंमत लेखी उत्तराला नाहीच, ती पुरवणी प्रश्नाला, म्हणजे उत्तरावर लगेच विचारायच्या उपप्रश्नाला आहे. लेखी उत्तर अधिकारी लिहितात, एकेक शब्द तोलून. पुरवणीत मंत्र्याला उभं राहून बोलावं लागतं. त्याच्या तोंडून तारीख गेली की ते आश्वासन नोंदवलं जातं, तीन महिन्यांत पूर्ण करावं लागतं, नाहीतर आश्वासन समिती खुलासा मागते. गोंधळात सभागृह तहकूब झालं की उत्तर नुसतं लेखी ‘पटलावर ठेवलं’ जातं आणि पुरवणी कायमची जाते. रेल्वेला लोकसभेत बुधवार असतो. महिनाभराच्या अधिवेशनात बुधवार असून असून चार-पाच. एक वाया गेला की पुढच्या वेळी पुन्हा नोटीस, पुन्हा सोडत.

नाग नदीचंही तेच. शहराचं सांडपाणी ती कन्हानला देते, कन्हान वैनगंगेला, आणि तिथून ते गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. प्रदूषण निवारणाला १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या धरणात आम्ही आमचीच घाण साठवतो आहोत आणि त्यावर मंत्र्याला उलट विचारायची संधी गोंधळात जाते. बाकड्यांवर उभं राहणारे विरोधक असोत की चर्चेला नकार देणारं सरकार, दोघांचाही पगार निघतो. मार्च २०२५ मध्ये खासदारांचं वेतन महिना १ लाख २४ हजार झालं, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील तारखेने. ती फाइल कुठल्या गोंधळात अडकली नाही!

दोष एका अधिवेशनाचा नाही. पहिली लोकसभा वर्षाला सरासरी १३५ दिवस बसत होती, सतरावी ५५. त्या सतराव्या लोकसभेला पाच वर्षं उपाध्यक्षच नव्हता, राज्यघटनेच्या ९३ व्या कलमात ‘शक्य तितक्या लवकर’ असं लिहिलेलं असताना. २०२३ मध्ये सगळ्या खात्यांच्या अर्थसंकल्पी खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना मंजूर झाल्या. इकडे विदर्भाचा अनुशेष पाहणाऱ्या वैधानिक विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. राज्याने पुनर्गठनाचा निर्णय घेतला सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि त्यासाठी दिल्लीची मोहोर लागते. हे विचारायचं कुणी आणि कोणत्या तासात? मग खासदार गावात दिसतो तो लग्नात, तेरवीला आणि फ्लेक्सवर. लोकही त्याला त्यावरच मोजतात, कारण दिल्लीतलं त्याचं काम त्यांना दिसूच दिलं जात नाही.

आमचं मागणं अवघड नाही. तहकुबीत बुडालेले पहिले पाच तारांकित प्रश्न त्याच मंत्रालयाच्या पुढच्या वारी आधी घ्या, पुरवणीसकट. त्यासाठी तास वाढवावा लागला तर वाढवा. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, पहिल्यांदा निवडून आलेल्यांची सोडत वेगळी काढा आणि तिथे मांडलेल्या विषयाला मंत्रालयाने ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं बंधन घाला. नियम बदलायला नियम समिती आहे, आणि तिचे अध्यक्ष आपणच आहात.

हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या बुधवारसाठी इतवारी-नागभीडचा मसुदा तयार आहे. नोटीस मुदतीत पोचेल. त्या दिवशी अकरा ते बारा सभागृह चालवण्याची जबाबदारी आपली.

आपले,
नागपूरचे मतदार