जेसीबी लावण्याआधी मातीचे थर तरी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावातल्या जुन्या देवळाचा जीर्णोद्धार गेल्या उन्हाळ्यात झाला, देऊळ छान झालंय, त्याबद्दल तक्रार नाही, पण पायासाठी दोन दिवसांत जेसीबीने जे उकरलं ते आठवून अजून जीव हळहळतो. विटा, पणत्या, एक फुटका वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड निघाला, वीरगळ शेंदूर लावून पिंपळाखाली ठेवला आणि माती डंपरने व्हाळाकडेला, ओढ्याच्या काठी टाकली. लोक म्हणतात वस्तू वाचली ना, मग झालं. नाही झालं! ती कुठल्या थरात होती ते कळलं असतं तर देवळाचा इतिहास कळला असता.

कॉलेजात असताना मी एका उत्खननावर पंधरा दिवस काम केलंय. खड्ड्याची बाजू खुरप्याने सरळ तासायची, थोडं पाणी मारायचं, मग थर दिसायला लागतात. आमच्याकडे कोकणात बहुतेक माती जांभ्याची, तांबडी, त्यामुळे नुसता रंग बघून भागत नाही, हाताला काय लागतं ते बघावं लागतं, चुन्याचे कण, कोळसा, राख, चोपलेल्या जमिनीचा कडक पापुद्रा. खालचा थर जुना हे खरं, पण तेवढ्यावर विसंबलं की माणूस फसतो, कारण पायाचा चर खणून परत भरलेला असतो, कोणी जुने चिरे काढून नेलेले असतात, शिवाय घुशींची बिळं नि फणसाची मुळं, त्यातून वरचं खाली जातं. सलग, कुठे न फुटलेल्या चोपलेल्या जमिनीखाली जे सापडेल ते मात्र त्या जमिनीच्या आधीचंच. आणि थरात मंगलोरी कौलाचा तुकडा निघाला तर तो थर 1865 नंतरचा, कारण बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने मंगलोरला कौलांची फॅक्टरी काढली ती तेव्हा, मग त्याच थरात कितीही जुनी मूर्ती असो.

1944 ते 1948 भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी चौकोन पाडून खणायची आणि मधे मातीचा बांध तसाच ठेवायची पद्धत आपल्याकडे रुजवली, ती थर वाचता यावेत म्हणूनच. आमच्याकडे बांध सोडा, एक फोटोसुद्धा कोणी काढला नाही.

शेजारच्या वाडीत शिमग्यानंतर असंच काम निघतंय. मानकऱ्यांना हात जोडून सांगतो, राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या रत्नागिरी ऑफिसला आधी कळवा, चर हाताने खणा, बाजूला टेप धरून फोटो घ्या. तिथली गाभाऱ्यामागची जमीन अजून कोणी उकरलेली नाही.

आपला,
एक वाचक, ता. गुहागर