मुक्ताताई, कसबा आणि बाबांची डायरी

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर बाबा एवढ्या तावातावाने बोलत होते की मला मध्ये एक शब्द घालता आला नाही, म्हणून म्हटलं लिहूनच पाठवू. पुण्यातल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला, काँग्रेसचे धंगेकर जवळपास ११ हजारांनी आले, भाजपची २८ वर्षांची जागा गेली, ठीके, तो विषय बाबांनी अख्ख्या वाड्यात चघळून झालाय. माझं म्हणणं वेगळंय. बोलता बोलता बाबा म्हणून गेले ना, की मुक्ताताई टिळकांनी, ज्यांच्या जाण्यामुळे ही पोटनिवडणूक लागली, त्यांनी तरी आमदार होऊन काय केलं, टिळक आडनाव होतं म्हणून मिळालं सगळं, ते मला काही पटलं नाही आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

बाबा, तुम्ही महापालिकेत ३१ वर्षं काढलीत, तुम्हाला मी काय सांगणार. पण तुम्हीच सांगायचात की महापौराचा मान मोठा आणि सही छोटी. खरी सही आयुक्तांची, पैशाची चावी स्थायी समितीकडे, महापौरांनी मुख्य सभा चालवायची, पाहुण्यांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि नळाला पाणी नाही आलं की शिव्या मात्र त्यांनीच खायच्या. तेही अडीच वर्षं, आणि आरक्षणाची सोडत काय निघेल त्यावर सगळं. २०१७ ला पुण्यात महिलेसाठी निघाली, त्याच वेळी भाजपला बहुमत मिळालं आणि मुक्ता टिळक पुण्यातल्या भाजपच्या पहिल्या महापौर झाल्या. नशीब होतं, नाही कोण म्हणतंय? पण त्याआधी २००२ पासून सलग नगरसेवक म्हणून निवडून येत होत्या त्याचं काय? पेठेतली माणसं तुम्हाला माहितीयेत, ड्रेनेज तुंबलं की कोणाचं आडनाव बघत नाहीत.

उलट आडनावाचा तापच झाला असेल त्यांना. आठवतंय का, पहिल्याच वर्षी महापालिकेने सार्वजनिक गणेशोत्सवाचं १२५ वं वर्ष साजरं करायला घेतलं आणि वाद पेटला, उत्सव सुरू केला टिळकांनी की भाऊ रंगारींनी. आणि महापौरांच्या खुर्चीत कोण, तर टिळकांच्या घराण्यातली सून! काहीही बोलल्या असत्या तरी अर्धं गाव नाराज. आपल्याच घरात बाबा आणि काका दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, आईने दोघांना वेगवेगळा चहा दिला होता.

त्याच वर्षी चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबईच्या शेअर बाजारात जाऊन. टीव्हीवर ते बघत आई तू म्हणाली होतीस, "बाजारात घंटा वाजली, आता आपला नळ कधी वाजतो बघू." अजून वाजतोय का गं? की पहाटेचा गजर आणि पिंप भरणं चालूच आहे?

मग २०१९. कसब्याचे आमदार गिरीश बापट खासदार झाले, कसबा मोकळा झाला आणि महापौर असतानाच ह्यांना तिकीट. त्यात महापौरांना तीन महिन्यांची मुदतवाढ मिळालेली, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आमदार झाल्या तरी जवळजवळ महिनाभर महापौरही त्याच. बाबा, तुम्ही म्हणाला होतात की बाई आता खरी सही करणार. कसलं काय! महिनाभरात सरकार दुसऱ्यांचं आलं, ह्या विरोधी बाकांवर, चार-पाच महिन्यांत कोरोना, अधिवेशनं दोन-दोन दिवसांत गुंडाळायला लागले, आणि मग आजारपण. विरोधातला पहिल्या टर्मचा आमदार, सभागृहच धड भरत नाही, त्याने करायचं तरी काय हो? मला तर वाटतं त्यांचं खरं करिअर महापालिकेतच झालं, आमदारकी नुसती पाटीवर लागली.

फक्त ते जून २०२२ चं काही डोक्यातून जात नाही. दहा तारखेला राज्यसभा, वीसला विधान परिषद, एकेका मताची मारामारी, आणि ह्या दोन्ही वेळा पुण्याहून मुंबईला अँब्युलन्सने. चिंचवडचे भाजपचे आमदार लक्ष्मण जगतापही आजारी असताना तसेच आले, तेही पिंपरी-चिंचवडचे माजी महापौर. मी इकडे ऑफिसच्या कँटीनमध्ये मोबाईलवर तो व्हिडिओ बघत होते, शेजारचा मुलगा म्हणाला काय जिद्द आहे, आणि मला नुसतं चिडायला झालं. कोणावर ते नाही सांगता येणार, पक्षावर, आकड्यांवर, की आपल्यावर, जे घरी बसून कौतुक करतो त्यांच्यावर. अजूनही ठरत नाहीये.

२२ डिसेंबरला त्या गेल्या, ३ जानेवारीला जगताप. भाजपने चिंचवडच्या पोटनिवडणुकीत जगतापांच्या घरातच तिकीट दिलं, कसब्यात टिळकांच्या घरी नाही, ह्यावर बाबा तुमचा राग मला कळतो. पण मग गंमत बघा, आडनावामुळे मिळालं म्हणून पण तुम्हीच चिडणार आणि आडनाव असून नाही दिलं म्हणून पण तुम्हीच!

असो. मी गुढीपाडव्याला येतेय, चार दिवस आहे. आई, बाबांची महापालिकेची २०१८ ची डायरी, जिच्यात तू दुधाचा हिशोब लिहायचीस, ती रद्दीत घालू नकोस. पुढच्या पानांवर महापौरांचा फोटो आहे त्यात आणि मागे सगळ्या नगरसेवकांचे नंबर. तू त्यातल्या एकाच नंबरखाली पेनाने रेघ मारून ठेवली होतीस, लाईन चोकअप झाली की लावायला. कोणाचा होता तो, एकदा बघायचंय.

तुमची,
छोटी